मदत हवी आहे: आइस हॉकीत ४ मिनिटांची शिक्षा, गोल झाल्यावरही खेळाडू बसूनच कसा?

जुना_लेफ्टआउट:
मंडळी, मी नागपूरचा. अर्धा जन्म मैदानी हॉकीत गेला. बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. कॅनडातल्या एडमंटनचा भाचा लग्नासाठी आलाय. बाहेर ४४ डिग्री, आम्ही कूलरसमोर तर्री-पोहे खात एनएचएल, म्हणजे तिकडची आइस हॉकी लीग, पाहून राहिलो. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ.

काल एकाची स्टिक वर गेली आणि समोरच्याचा ओठ फुटला. मुद्दाम नव्हतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी ४ मिनिटं बाहेर! ५० सेकंदांत समोरच्यांनी गोल केला. म्हटलं, आता सुटला. परवा एकजण असाच गोल झाल्यावर आत आला होता. हा काही हलेना. भाचा म्हणे, "मामा, रक्त निघालं की पूर्ण ४ मिनिटं बसावं लागते." तेवढ्यात लाइट गेली. एक किलो संत्रा बर्फीची पैज आहे, कोण बरोबर?

शिवाय त्याच मॅचमध्ये गोलवर फटका मारताना एकाची स्टिक मागच्याच्या तोंडावर बसली, त्याला काहीच नाही. असं काऊन? आणि हे लोक स्टिकवर स्टिक मारतात, ते चालतं? आमच्यात लगेच फाउल.

थंडगार:
दोघंही चुकलात. हाय-स्टिकिंगला, म्हणजे वर गेलेली स्टिक समोरच्याला लागली तर, साधी मायनर, २ मिनिटं. इजा झाली तर डबल मायनर, म्हणजे २-२ मिनिटांच्या दोन शिक्षा एकीमागे एक. गोल झाला की फक्त चालू असलेली संपते आणि दुसरी त्या क्षणापासून सुरू होते. म्हणजे तुमचा गडी ५० सेकंद अधिक २ मिनिटं बसला असणार, मध्ये अजून गोल झाला नसेल तर. भाच्याच्या डोक्यात ५ मिनिटांची मेजर असावी. तिच्यात कितीही गोल होवोत, सुटका नाही.

स्टिक ज्याची, जबाबदारी त्याची, अपघात असला तरी. अपवाद फटक्याचा: स्टिक मागे नेताना किंवा फटक्यानंतर ती पुढे जाताना चुकून लागली तर माफ. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच.

गोलपोस्टमागे:
स्टिकने स्टिक उचलणं, पक (आपल्या चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती) काढून घेणं चालतं. हातावर घाव घातला की स्लॅशिंगचा फाउल. घावाने समोरच्याची स्टिक मोडली तरीही. आणि मोडलेली स्टिक हातात ठेवून खेळलं तर ज्याची मोडली त्यालाच २ मिनिटं! टाकून द्यायची ती. गोलकीपरला मात्र खेळ थांबेपर्यंत मुभा.

स्टिकच्या पात्याचा बाकसुद्धा मोजतात. १९९३ च्या स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या फायनलची दुसरी मॅच. लॉस एंजेलिस २-१ ने पुढे, शेवटची पावणेदोन मिनिटं. माँट्रियलच्या कोचने, जॅक डेमर्सने, लॉस एंजेलिसच्या मार्टी मॅक्सॉर्लीची स्टिक मोजायला लावली. बाक जास्त निघाला, २ मिनिटं बाहेर. डेमर्सने गोलकीपरही काढून जादा गडी उतरवला. एरिक देजार्डांने बरोबरी साधली आणि जादा वेळेत मॅचही त्यानेच मारली. माँट्रियलने पुढे कपच नेला. डेमर्सला तो बाक आधी कसा कळला, यावर तिकडे अजून वाद घालतात.

जुना_लेफ्टआउट:
आभार मंडळी. भाच्याला वाचून दाखवलं. पोरगं म्हणतं, २ मिनिटं ५० सेकंद हे तुमच्या ५० सेकंदांपेक्षा माझ्या ४ मिनिटांच्या जवळ आहे, बर्फी काढा. हिशोब तर बरोबर आहे. अर्ध्या किलोवर तडजोड चालू आहे.