लीगचा हंगाम आतून कसा चालतो? (अनुभव धागा)

विश्रामबाग_स्टॉपर:
कपाटाच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्रात २००७-०८ च्या आय-लीगचा, म्हणजे देशातल्या फुटबॉल लीगचा, गुणतक्ता निघाला. गोव्याचे दोन क्लब, डेंपो ३६, चर्चिल ब्रदर्स ३६, दोघांचे सामने १८. गोलफरकावर (केलेले वजा खाल्लेले गोल) करंडक डेंपोकडं. नॅशनल फुटबॉल लीग १९९६ ला सुरू झाली, तिची आय-लीग झाली त्याचं हे पहिलं वर्ष. दहा संघ, खालचे दोन (साळगावकर, व्हिवा केरळ) खालच्या श्रेणीत. तक्ता हातभर, पण त्यामागं रजिस्टरं किती असतात ते छापून येत नाही.
सांगली-मिरज-साताऱ्यात लीग बघणारे, भरवणारे, शिट्टी मारणारे, रेषा आखणारे सगळे आहेत. काय करायचं, कुठं अडतं, का अडतं तेवढं लिहा. "मी अमक्या साली असा गोल मारला" नको, तो विषय कोल्हापूरवाल्यांसाठी राखीव 😄

शिट्टीवाला_मिरज:
गुण सारखे झाले तर पुढं काय, हे पहिला चेंडू हलायच्या आधी नियमपत्रकात पाहिजे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक, स्पेनच्या ला लीगात आधी आपसातले सामने. दोन्ही बरोबर. चूक एकच, हंगाम संपल्यावर ठरवणं. मग प्रत्येकजण आपल्याला सोयीचा नियम टीव्हीवर बघितलाय म्हणून सांगतो.

साताऱ्याची_गोलकी:
शिट्टीवाले दादा, मधेच एखादा संघ सोडून गेला तर?

शिट्टीवाला_मिरज:
ताई, तेही आधीच लिहायचं. एक पद्धत, त्या संघाचे झालेले सगळे निकाल पुसायचे. दुसरी, झालेले ठेवायचे आणि उरलेले ३-० नं समोरच्याला द्यायचे. पुसलं तर ज्यांनी त्यांना हरवलंय ते बोंबलतात, ठेवलं तर जे हरलेत ते. आणि एका सामन्यापुरता वॉकओव्हर (समोरचा सामना सोडून देतो तो) असेल तर ३-० लावतात, पण मैदानावर फरक त्याहून मोठा झाला असेल तर तोच धरायचा. हे कमिटीतल्या कुणालाच आठवत नाही.

पेठभागातला:
वेळापत्रकावर लिहितो. चिठ्ठ्या टाकून सामने काढू नका राव. सहा संघ असतील तर वर १ २ ३, खाली ६ ५ ४. समोरासमोरचे भिडले: १-६, २-५, ३-४. पुढच्या फेरीला १ जागेवर, बाकीचे घड्याळाच्या दिशेनं एक घर सरकवा: १-५, ६-४, २-३. पाच फेऱ्यांत पंधरा सामने, कुणी कुणाला दोनदा भेटत नाही. परतीच्या फेरीला घर आणि बाहेर उलटं करा.
यात एक गोची हाय. १ नंबर कायम वरच्या रांगेत, म्हणजे घरच्या बाजूला राहतो, त्यामुळं त्याला सलग घरचे सामने पडतात. त्याचा सामना एक आड एक फेरीला उलटा लिहायचा.
विषम संघ असले तर "सुट्टी" नावाचा एक खोटा संघ धरा. २०२४-२५ ला आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) तेरा संघ होते. प्रत्येकाचे सामने २४, एकूण १५६, आणि दोन वेळा सुट्टी. मोहन बागान ५६ गुणांनी वर राहिला.

भडंग_प्रेमी:
५६ गुणांनी का ५६ गुणांवर?

पेठभागातला:
गुणांवर. मास्तर आले बघा.

फक्कीसम्राट:
आखणीचं सांगतो. मैदान १०० बाय ६४ मीटर धरा. कायद्यात लांबी ९० ते १२०, रुंदी ४५ ते ९०. आंतरराष्ट्रीय सामन्याला १०० ते ११० आणि ६४ ते ७५. पहिली खुंटी एका कोपऱ्यात. काटकोन ३-४-५ मीटर बाजूंच्या त्रिकोणानं निघतो, पण एवढ्या मैदानाला ६-८-१० घ्या. लहान त्रिकोणात बोटभर चुकलं तर पलीकडच्या टोकाला हातभर सरकतं. चारी खुंट्या लागल्या की दोन्ही कर्ण मोजा, ११८.७ मीटर यायला पाहिजे. एक कमी एक जास्त आला तर मैदान कललंय, फक्कीला (रेषांच्या पांढऱ्या पुडीला) हात लावू नका. नायलॉनची दोरी वापरू नका, ताणली की लांबते आणि मोजमाप बोंबलतं.
पेनल्टी एरिया खांबाच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर, गोल एरिया ५.५. पेनल्टीचा ठिपका ११ वर. डोक्यावरची कमान ठिपक्यात खुंटी ठोकून ९.१५ नं काढायची, मधल्या वर्तुळाची दोरी तीच. अर्ध्या गावात ही कमान डोळ्यानं काढतात, म्हणून ती कधी टोपी होते कधी ताट.
रेषेची रुंदी जास्तीत जास्त १२ सेंटीमीटर आणि गोलरेषा खांबाच्या जाडीएवढीच, नाहीतर चेंडू आत गेला का नाही यावर मारामारी. सगळ्या रेषा मिळून जवळजवळ ७०० मीटर भरतात, त्या हिशोबानं माल मागवा.
आणि फक्की म्हणजे फक्कीच आणा. कळीचा चुना स्वस्त पडतो म्हणून कुणी टाकला तर घामानं कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. यात थट्टा नाही.

कृष्णाकाठ:
फक्कीसम्राट अण्णा, आमच्याकडं रेषेच्या आधी मातीचंच रडगाणं. काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो. भेगा वरनं माती टाकून बुजवल्या तर पहिल्या पाण्याला खड्डे पडतात. आधी पाणी सोडून भेगा मिटू द्यायच्या, मग बारीक चाळलेली माती. रोलर ओलीवर फिरवायचा नाही. चिखल दाबला की वर कठीण पापुद्रा धरतो आणि नंतरचं पाणी मुरतच नाही. पायाला माती चिकटायची थांबली की मग रोलर.
पुराचं पाणी उतरल्यावर गाळ राहतो त्याचंही हेच. सपाट दिसतंय म्हणून तसाच ठेवतात. तो अर्धवट वाळला, वड्या पडायला लागल्या की खरवडून बाहेर काढायचा, पूर्ण वाळू दिला तर फोडायला टिकाव घ्यावा लागतो. खालची माती कुदळीनं सैल करून वाळू मिसळायची.

अजिंक्यतारा_लेफ्टबॅक:
तुमची काळी तरी पडल्यावर घेते. आमच्या मुरमावर घसरून टॅकल केलं की मांडीची साल मैदानालाच राहते. मुरमावर बुटाखाली लांब स्टड (टोकं) नकोत, बारीक रबरी गुट्ट्यांचे बूट घ्या. लांब स्टड जमिनीत शिरत नाहीत, सगळा भार चार टोकांवर येतो आणि गुडघा पिरगळतो.

भडंग_प्रेमी:
मॅच बघताना भडंग कुठलं चांगलं ते कुणी लिहिणार का नाही? जयसिंगपूर का सांगली?

साताऱ्याची_गोलकी:
कंदी पेढे खावा आणि गप बसा 😂

रजिस्टर_सांभाळ:
सगळे रेषांवर, कार्डांवर कोणीच नाही. २०२४-२५ ची आय-लीग कार्डावर फिरली की हो. शेवटच्या दिवशी चर्चिल ४०, इंटर काशी ३९. पण नामधारी क्लबनं काशीविरुद्धच्या सामन्यात चार पिवळी झालेला खेळाडू खेळवला होता. तो सामना मैदानावर नामधारीनं जिंकलेला. मग शिस्त समिती, अपील समिती, शेवटी स्वित्झर्लंडचं क्रीडा लवाद. जुलै २०२५ मध्ये विजेता ठरला इंटर काशी. हंगाम एप्रिलात संपलेला!
म्हणून मॅनेजरनं वही ठेवायची. एका पानाला एक खेळाडू. तारीख, कुणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला, कशासाठी. चार पिवळी झाली की पुढचा सामना बाहेर ही बहुतेक लीगची पद्धत, पण आकडा नियमपत्रकात बघा. एकाच सामन्यात दोन पिवळी होऊन लाल झालं तर ती दोन सहसा बेरजेत धरत नाहीत, सरळ बंदी लागते. चूक नेमकी इथं होते, कोणी धरतं, कोणी नाही. दुसरी चूक, बंदीचा सामना पुढं ढकलला जातो आणि खेळाडू तारखेप्रमाणं बसतो. बंदी सामन्यावर असते, तारखेवर नाही. टीमलिस्टवर सही करायच्या आधी वही उघडा.

विश्रामबाग_स्टॉपर:
हे भारी. बदली खेळाडूंचंही असंच ना? पाच झाल्यापासून लोक हिशोब सोडून देतात.

रजिस्टर_सांभाळ:
पाच आहेत पण खेळ थांबवून आत पाठवायला संधी तीनच. मध्यंतर त्यात मोजत नाहीत. ६० ला एक, ७० ला एक, ७८ ला एक असे सुटे सुटे तीन पाठवले की संपलं. ८५ ला गोलकीचा खांदा निखळला तर बाकावर दोघं बसलेत, पण पाठवता येत नाही. मग स्ट्रायकर हातमोजे घालतो. मध्यंतराला दोघं बदला, एक संधी गोलकीसाठी शेवटपर्यंत हातात ठेवा.

साताऱ्याची_गोलकी:
स्ट्रायकरनं घातलेले हातमोजे परत घेऊ नयेत, वास जात नाही.
उन्हाचं कुणी लिहिलं नाही. लाईट नसलेल्या मैदानांवर आय-लीगचे सामने भर दुपारी लावायचे. पाणी प्यायचा थांबा एक मिनिटापर्यंत, गारव्याचा थांबा दीड ते तीन मिनिटं, दोन्ही वेगळे. तो वेळ जादा वेळेत धरायचा असतो. चेंडूचंही बघा. घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, हवा ८.५ ते १५.६ पौंडांत. सकाळी सायकलच्या दुकानात काठोकाठ भरून आणला की दुपारी उन्हात दगड होतो. आणि सुई कोरडी घुसवू नका, आतलं रबर फाटतं. थेंबभर ग्लिसरीन लावा.

भडंग_प्रेमी:
आपल्या महाराष्ट्राचं काय? का नुसतं गोवा-कोलकाता?

पेठभागातला:
महिंद्रा युनायटेड, २००५-०६ ची नॅशनल लीग. जुन्या लीगमधला महाराष्ट्राचा तो एकच विजेता. २०१० ला क्लबच बंद. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगला दुसरा. मुंबई सिटीनं आयएसएलमध्ये शिल्डही घेतली, कपही. हे दोन वेगळे हां. तेव्हा तक्त्यात वर राहायचा त्याला शिल्ड, नंतरच्या बाद फेरीतून कप मिळायचा. २०२३-२४ ला शिल्ड मोहन बागानकडं आणि कप मुंबईकडं, तरी लोक विचारतात विजेता कोण.

अजिंक्यतारा_लेफ्टबॅक:
मिझोरामचा ऐझॉल विसरू नका. २०१५-१६ ला खाली गेलेला संघ, गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून परत घेतला, आणि २०१६-१७ ला ३७ गुणांवर विजेता. मोहन बागान ३६. २०१८-१९ ला परत तसंच, चेन्नई सिटी ४३, ईस्ट बंगाल ४२, शेवटच्या दिवशी दोघंही जिंकले. म्हणून शेवटच्या फेरीत वर-खाली ठरवणारे सामने एकाच वेळी सुरू करायचे. आपल्याकडं मैदान एक, मग दोन तासांनी खेळणाऱ्याला किती गोल पाहिजेत ते माहीत असतं.

कृष्णाकाठ:
त्यावर उपाय?

पेठभागातला:
शेजारच्या गावातलं मैदान एक दिवस मागायचं. नाहीतर निदान विजेतेपदाचे दोन सामने आधी नि नंतर लागणार नाहीत असं वेळापत्रक फिरवायचं.

भडंग_प्रेमी:
तिघांचे गुण सारखे झाले तर?

शिट्टीवाला_मिरज:
आपसातले सामने आधी असा नियम असेल तर तिघांचाच छोटा तक्ता करायचा, बाकीचे सामने झाकून. समजा अ नं ब ला २-० हरवलं, ब नं क ला १-०, क नं अ ला १-०. तिघांना तीन-तीन गुण. फरक अ अधिक १, क शून्य, ब उणे १. म्हणून अ, क, ब. तरीही अडलं तर एकूण गोलफरक, मग केलेले गोल. त्याच्याही पुढं कार्डं मोजतात: पिवळं उणे १, दोन पिवळ्यांचं लाल उणे ३, थेट लाल उणे ४. २०१८ च्या विश्वचषकात जपान पुढं गेला आणि सेनेगल घरी, ते यावरच.

कृष्णाकाठ:
मेलो. आमचा सेंटर हाफ रेफ्रीशी वाद घालूनच दर मॅचला पिवळं घेतो.

अजिंक्यतारा_लेफ्टबॅक:
त्याला कॅप्टन करा, मग बोलायचा हक्क राहतो.

शिट्टीवाला_मिरज:
नाही राहत. कॅप्टनला कायद्यात वेगळी सूट नाही. पिवळं त्यालाही तेच.