लेकीला सोलच्या दोंगुक विद्यापीठात बौद्ध अध्ययनासाठी पाठवावं का? सल्ला हवा

कात्रजची_सई
लेक यंदा बारावीला आहे, कला शाखा. तिला बीए करायचंय ते दोंगुकमध्येच, विषय बौद्ध अध्ययन. विद्यापीठ खासगी आहे, कोरियातल्या जोग्ये या बौद्ध पंथाचं, १९०६ पासूनचं. कोरियन ती आठवीपासून शिकतेय, टॉपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास झालीय. फी, राहणं, जेवण सगळं धरून वर्षाला नऊ लाख, त्याच्यावर जमणार नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

कोथरूडचा_वाचक
पुण्यात राहून बौद्ध अध्ययनासाठी सोल? फर्ग्युसनमध्ये धर्मानंद कोसंबींनी १९१२ पासून सहा वर्षं पाली शिकवली. पुणे विद्यापीठात आजही पाली विभाग आहे. मी नोकरी सांभाळून तिथे शिकलो, आज सुत्तं, म्हणजे बुद्धाची प्रवचनं, मुळातून वाचतो. आधी पाली, बाकी सगळं नंतर.

माधव_सहकारनगर
अमेरिकेचा विचार करा. पुतण्या कॅलिफोर्नियात सोका विद्यापीठात शिकला. तेही बौद्ध विचारांवर उभं आहे. पदवी एकच, लिबरल आर्ट्सची बीए, आणि प्रत्येकाला एक सत्र दुसऱ्या देशात काढावंच लागतं. आज उत्तम नोकरीत आहे.

कात्रजची_सई
काका, बजेट नऊ लाख लिहिलंय हो.

माधव_सहकारनगर
शिक्षणाच्या बाबतीत बजेट बघू नये. तिथे शिष्यवृत्त्याही मिळतात.

विश्रांतवाडीकर
शिष्यवृत्ती म्हणाल तर केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, आपल्या मुलांनी घ्यायलाच हवी.

प्रज्ञा_येरवडा
ती एमए आणि पीएचडीसाठी आहे, बीएला नाही. शिवाय २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास हे विषय वगळले. माझा अर्ज त्यातच अडकला होता, म्हणून ठामपणे सांगतेय.

सोलला मी दुसऱ्या विद्यापीठात होते, पण व्याख्यानांना दोंगुकला जायचे. नामसान डोंगराच्या उतारावर आहे, चढून चढून दम लागतो. मधल्या चौकात बुद्धमूर्ती, आणि चौकाचं नाव पालजोंगदो, म्हणजे आपला अष्टांगिक मार्ग. आवारातलं जोंगगाकवॉन हे बुद्धमंदिर मुळात ग्योंगहुई राजवाड्याचं सिंहासनगृह, ते तिथे हलवलं. बूट बाहेर काढून मोज्यांनिशी आत जायचं, हिवाळ्यात लाकडी जमीन पायाला झोंबते. पदवीच्या सगळ्या मुलांना ध्यानाचा तास असतो, मग विषय सिनेमा असो की वाणिज्य.

आता मुद्द्याचं. तिथल्या अभ्यासाचा कणा पाली नाही, हानमुन आहे, म्हणजे अभिजात चिनी. हेइन्सा विहारात त्रिपिटकाचे, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचे, ऐंशी हजारांहून जास्त लाकडी ठसे आहेत, तेराव्या शतकातले, तेही याच भाषेत. लेकीला हे आवडणार असेल तरच पाठवा. बीए इथे, एमए तिथे, हे मला जास्त पटतं.

औंध_निखिल
ध्यानाची सक्ती? हा सरळ धर्म लादणं झालं.

विश्रांतवाडीकर
मिशनरी कॉलेजात प्रार्थना म्हणताना कुणी हरकत घेतली नव्हती. ध्यानाला जात-धर्म नसतो.

औंध_निखिल
माझ्या कॉलेजात मी घेतली होती.

पिंपरीचा_अभि
तुमची भांडणं चालू द्या. ताई, व्हिसाचं बघा आधी. सोल परिसरातल्या पदवीसाठी खात्यात दोन कोटी वॉन दाखवावे लागतात, म्हणजे बारा-तेरा लाख रुपये. धाकट्या भावाच्या वेळी एजंटने हे शेवटच्या आठवड्यात सांगितलं, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. फी मात्र त्याने पूर्ण घेतली. एजंट नकोच. अर्ज विद्यापीठाच्या साइटवरून स्वतः भरा आणि मार्कशीटचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, वेळेत करा.

कोथरूडचा_वाचक
प्रज्ञाताईंना +१. बीए इथेच. आणि पाली.

माधव_सहकारनगर
+१. बीए इथे करून मग अमेरिका.

कात्रजची_सई
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी दोन रात्री बोललो. लेक थेट बीएलाच जाणार. टॉपिकचं प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं आणि तीन वर्षं इथे काढली तर भाषा मागे पडेल, हे तिचं म्हणणं मला पटलं. हानमुनचं वाचून ती घाबरली नाही, उलट हरखली. बारावीचा निकाल लागला की अपोस्टिल, मग मार्चच्या सत्रासाठी अर्ज. अभि, खात्यात दाखवायला माझी एफडी आहे, ती मोडणार नाही. प्रज्ञाताई, हानमुनची सुरुवात घरी करता येईल असं एखादं पुस्तक सुचवाल का?

प्रज्ञा_येरवडा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझी पुस्तकं येरवड्याला येऊन घेऊन जा.