जपानी: एन४नंतर गाडी अडली आहे

प्रश्न:
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून जपानी शिकतेय, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन४ पातळी झाली. डिसेंबरला त्यापुढची एन३ द्यायची आहे, पण ऐकण्याचा भाग डोक्यावरून जातो आणि आँकी या उजळणीच्या ॲपमध्ये शब्दांची कार्डं साचलीत. रोज तासभरच मिळतो. काय करू?

उत्तर १:
आधी नवी कार्डं बंद करा. रोज २० नवी घेतली की काही आठवड्यांत उजळणीच दीडशेच्या वर जाते आणि तास तिथेच संपतो. साचलेली उरकेपर्यंत शून्य, मग रोज ७-८. सुटा शब्द नको, अख्खं वाक्य घाला. सतत चुकणारं कार्ड सरळ काढून टाका; तो शब्द वाचनात पुन्हा भेटतोच.

उत्तर २:
ऐकणं मागे टाकू नका. एन३ला १८० पैकी ९५ लागतात, पण ऐकण्यासह तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ हवेतच. एकीकडे १८ पडले की नापास. शिवाय ध्वनिफीत एकदाच वाजते.

मिनिटभराचा तुकडा घ्या. न वाचता दोनदा ऐका, ऐकू आलं तसं लिहा, मग छापील मजकुराशी ताडून बघा. मराठी कान दीर्घ स्वरांवर फसतो: 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. शेवटी निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने बोला. रोज २० मिनिटं, तोच तुकडा तीन दिवस. कंटाळा येईल, पण कान इथेच तयार होतो.

उत्तर ३:
वर लिहिलंय ते बरोबर. भर एवढीच, की व्याकरण इंग्रजीतून समजून घेऊ नका. क्रियापद शेवटी, नामानंतर प्रत्यय, ही तर आपलीच घडण. वाक्य थेट मराठीत लावून बघा.