२००१ ची मियाटा, बजेट ८०० डॉलर, सस्पेन्शन कोणतं टाकू?

जर्सीकर_एनबी
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत असतो, २००१ ची माझदा मियाटा घेतलीये, म्हणजे दुसऱ्या पिढीची, एनबी. इंजिन, गिअर सगळं मस्त आहे पण शॉकअप बहुतेक कंपनीचे ओरिजिनलच असावेत, खड्डा लागला की मागचा भाग हिंदकळत राहतो आणि हायवेच्या एक्झिटच्या वळणावर मध्येच उंचवटा आला तर शेपूट बाहेर सरकल्यासारखी वाटते, तेव्हा जरा भीतीच वाटते. रोज ऑफिसला नेत नाही, वीकेंडला चालवतो आणि यंदा ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेक गाडीची वेळ मोजायची शर्यत) सुरू करायचंय. काम घरीच करणार. ऑनलाइन ४००-५०० डॉलरमध्ये कॉइलओव्हरचे (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) सेट दिसतात, उंची कमीजास्त होते, कडकपणा बदलायला ३२ क्लिक वगैरे. ते घेऊ की नुसते चांगले शॉकअप? गाडी थोडी खाली बसलेली आवडेल, चाक आणि फेंडरमधली फट फार दिसते.

पाना_पक्कड
भाऊ, ते ४०० वाले अजिबात घेऊ नका.

कारण सांगतो. एनए (पहिली पिढी) आणि एनबी मियाटामध्ये सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागाच मुळात कमी आहे, कंपनीची उंची असतानासुद्धा जरा मोठा खड्डा आला की शॉकअप बंप स्टॉपला (शेवटचा धक्का झेलणारा फोमचा ठोकळा) टेकतो. माझदाने ते गृहीत धरूनच बंप स्टॉप लांब आणि मऊ दिलेत, ते एक प्रकारे दुसरी स्प्रिंगच आहेत. आता तुम्ही गाडी दोन इंच खाली घेतली की ती जवळजवळ सतत बंप स्टॉपवरच बसणार, आणि वळणात मागचा बंप स्टॉप पूर्ण दबला की मागची बाजू एकदम कडक होते, टायर पकड सोडतो. तुम्हाला आत्ता शेपूट सरकल्यासारखी वाटते ना, त्यात हे एक कारण असू शकतं, २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीत मूळचे बंप स्टॉप बऱ्याचदा भुगा झालेले असतात. डिकीचं अस्तर बाजूला करून मागचे शॉकअप काढा आणि बघाच.

स्वस्त सेटमध्ये स्प्रिंग कडक असते पण तिला आवरणारा रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना शॉकअपने धरणं) कमजोर असतो, म्हणून गाडी टणटण उडते. क्लिक कितीही असू देत, डावा आणि उजवा शॉकअप एकाच प्रमाणात बदलतो याची काही खात्री नाही.

माझं मत: कंपनीच्या स्प्रिंग ठेवा, बिलस्टीन बी६ किंवा कोनी स्पोर्ट शॉकअप टाका, नवे बंप स्टॉप आणि वरचे रबर माउंट घ्या. कोनी तुमच्या बजेटच्या काठावर जाईल, पण रिबाउंड फिरवून जुळवता येतो. अगदीच पैसे वाचवायचे असतील तर केवायबी एक्सेल-जी, ते मूळच्यासारखं वागतं, जास्त अपेक्षा नको.

तिसरा_गिअर
वरच्यांशी सहमत, पण कॉइलओव्हर म्हटलं की सगळे वाईट असं नाही. हजार-अकराशेच्या पुढे चांगल्या कंपन्यांचे सेट मिळतात, त्यांचे सुटे भाग मिळतात, दुरुस्ती होते. फक्त ८०० मध्ये ते बसत नाही, आणि बसवायचा हट्टही करू नका.

दुसरं म्हणजे ऑटोक्रॉस. एससीसीएच्या (ऑटोक्रॉस भरवणारा अमेरिकन क्लब) स्ट्रीट कॅटेगरीत स्प्रिंग मूळच्याच लागतात, शॉकअप बदललेले चालतात, आणि पुढचा किंवा मागचा असा एकच अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) बदलता येतो. उंची कमी केली, स्प्रिंग बदलल्या, की तुम्ही वरच्या कॅटेगरीत जाता जिथे लोक कितीतरी जास्त पैसे ओतून गाड्या आणतात. नवशिक्या माणसाला तिथे टाइम बघून काहीच शिकता येत नाही. तेव्हा शॉकअप, नंतर जाड पुढचा बार, आणि २०० ट्रेडवेअरचे (टायरच्या झिजेचा आकडा) चांगले टायर, बास. टायरनेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

खारट_रस्ता
दादा, ऑर्डर द्यायच्या आधी गाडीखाली शिरून गंज बघा!! तुमच्याकडे हिवाळ्यात मीठ टाकतात. एनबीच्या पुढच्या फ्रेम रेल (सांगाड्याच्या लांब तुळया) दुहेरी पत्र्याच्या आहेत, आत पाणी साचतं आणि बाहेरून रंग नीट दिसत असला तरी आतून पत्रा गेलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने जोरात टोचून बघा. आत गेला तर सस्पेन्शनचा विषय सोडा, आधी वेल्डिंग.

खालच्या आर्मचे (चाक धरणारे दांडे) अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचे, आठ कॅम बोल्ट रबरी बुशमध्ये जाम असतील. आठवडाभर आधीपासून रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा. ते फिरले नाहीत तर कितीही भारी शॉकअप टाका, अलाइनमेंट होणार नाही आणि मग गाडी सरळ चालणार नाही. आणि स्प्रिंग दाबल्याशिवाय वरचा नट सोडू नका प्लीज, हात जाईल.

जर्सीकर_एनबी
खूप आभार सगळ्यांचे. आज टोचून पाहिलं, रेल ठणठणीत आहेत. मागचे बंप स्टॉप खरंच राहिलेलेच नाहीत, हाताला नुसता चुरा लागला. बिलस्टीन, बंप स्टॉप आणि माउंट असं नक्की करतोय. ती फट थोडी तरी कमी होईल का? आणि अलाइनमेंटला काय आकडे सांगू?

पाना_पक्कड
बिलस्टीनवर कंपनीच्या स्प्रिंग असतील तर उंची तीच राहील, फट राहू द्या, त्या जागेतच तर चाक वर जातं. कोनीला स्प्रिंगची बशी बसवायला वेगवेगळ्या खाचा आहेत, पण खालची खाच घेतली की परत तोच बंप स्टॉपचा प्रश्न, आणि स्ट्रीटमध्ये चालतही नाही.

अलाइनमेंट: कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) पुढे उणे १ अंश, मागे उणे दीड, टो (वरून बघता चाकाचा आतबाहेर कोन) पुढे शून्य, मागे किंचित आत. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, आर्मचे बोल्ट सैल केले असतील तर गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत असताना आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.