जुनी एमएक्स-५ : आधी वर्षभर चालवावी, की आधी फेरबदल करावेत?

घाटवळण (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांना थोडक्या पैशांत खरी स्पोर्ट्स कार हवी असते, त्यांचा शोध बहुधा दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात बनलेल्या माझदा एमएक्स-५पाशी येऊन थांबतो. माझी २००१ची, १.८ लिटर इंजिनाची आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, गाडी हाती आल्यावर निदान वर्षभर तिच्यात कोणताही फेरबदल करू नये.

साधारण टनभर वजन, ते पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे-निम्मे वाटलेले, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरणारे) सस्पेन्शन आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद, अशी ही रचना आहे. माझदाचे अभियंते तिला ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, असे म्हणतात. पण स्वाराची घोड्याशी ओळख होण्याआधीच आपण नाल बदलायला निघतो. गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसवली की मुळातच कमी असलेली स्प्रिंगची हालचाल संपते, खडबडीत वळणावर गाडी बम्प स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या टोकाला असलेल्या अडणीवर, आदळून बाजूला उडी मारते आणि मालक म्हणतो, ‘वा, काय कडक झाली!’

माझ्या गाडीचा मागचा भाग ओल्या वळणावर अचानक सुटत असे. मी जाड अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीच्या) किमती पाहू लागलो होतो. एका रविवारी सहज टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला, तर तो २३०९ होता, म्हणजे टायर २००९च्या २३व्या आठवड्यातले. नक्षी नव्यासारखी, पण नख रुतवू पाहिले तर लाकूड. टायर बदलले आणि तक्रार संपली. बार आणला असता, तर मी अजून त्यालाच दोष देत बसलो असतो.

पान्हाबहाद्दर

आपला टायरचा अनुभव पटला, निष्कर्ष मात्र पटला नाही. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीची ‘मूळ अवस्था’ आता फक्त माहितीपत्रकात उरली आहे. सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणाऱ्या बुशचे रबर तडकलेले, स्प्रिंग बसलेल्या आणि शॉकअब्सॉर्बर गळके असताना आपण वर्षभर जे समजून घेणार, ती गाडी नसून तिची झीज असते. मी माझा मागचा शॉकअब्सॉर्बर काढून त्याची दांडी हाताने दाबली, तेव्हा ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. डॅम्पिंग (स्प्रिंगचे हेलकावे आवरणे) म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले, गाडी चालवून नव्हे.

शिवाय कारखान्याने केले ते सगळे वेदवाक्य नसते. हे इंजिन मूळचे आडवे बसणाऱ्या गाड्यांच्या कुळातले. एमएक्स-५मध्ये ते उभे बसवताना पाण्याची बाहेर पडायची वाट पुढे, पंपाच्याच बाजूला आणली गेली, त्यामुळे मागच्या सिलिंडरकडे पाणी कमी फिरते. ती वाट पुन्हा मागे वळवणे हा फेरबदलच आहे, पण गाडी समजल्याशिवाय तो सुचतही नाही.

घाटवळण

टर्बो बसवून ट्रॅकवर नेणाऱ्यांना तो हवाच. मूळ ताकदीवर रस्त्याने फिरणाऱ्याला त्याची गरज नाही. आणि झिजलेले बदलणे ही दुरुस्ती आहे, तिला माझी हरकत कधीच नव्हती.

पान्हाबहाद्दर

मग रेघ कुठे ओढायची? बुश काढायला प्रेस, म्हणजे दाबयंत्र, लागतो आणि अख्खा शनिवार-रविवार जातो. एवढे सगळे उघडल्यावर पुन्हा रबरच का बसवावे, त्याहून कडक पॉलियुरेथेन का नको?

सर्व्हिसबुक

दोघेही वरच्या मजल्याच्या रंगावर भांडत आहात, म्हणून पायाबद्दल लिहितो. या पिढीच्या गाडीत मागच्या चाकांपुढचे सिल (दाराखालची पोकळ पट्टी) आणि पुढचे चॅसिस रेल (सांगाड्याच्या लांब तुळया) आतून गंजतात. वरून कीर्तन आतून तमाशा! मी पाहायला गेलेल्या एका गाडीला महागडे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बर) होते आणि रेलवर पेचकस टेकवताच तो आत गेला. एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन तपासणीत, अशी गाडी नापास होते, आणि वेल्डिंगचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीपुढे जातो. दुसरे असे की, इथे प्रत्येक फेरबदल विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवल्यास अपघातानंतर भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते.

माझ्या मते पहिला खर्च व्हील अलाइनमेंटचा असावा. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) बदलता येतो, हे तिचे भाग्य. मात्र ज्या बोल्टने तो बदलतो, तो बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. माझे दोन बोल्ट कापून काढावे लागले.

घाटवळण

बोल्टची गोष्ट मान्य, माझाही मागचा डावा हलत नाही. म्हणजे तो कापताना बुश जाणारच. पान्हाबहाद्दर, आपला प्रेस पुढच्या महिन्यात मोकळा असेल का? मी रबरीच बुश आणणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पान्हाबहाद्दर

प्रेस मोकळा आहे. पॉलीचा एक संचही घरात पडून आहे. डावीकडे तो आणि उजवीकडे रबर, असे मात्र मी बसवू देणार नाही.