पन्हाळ्यावर गाइड नकोत म्हणणाऱ्यांना

तटबंदी: काल इथं एकानं लिहिलं की पन्हाळ्याचे गाइड थापा मारतात, त्यांना हाकला आणि फलक लावा. राहवलं नाही. माझ्या आईला फारसं वाचता येत नाही. गडावरच्या अंधारबाव विहिरीत गाइडमामांनी सांगितलं, वेढ्यात पाणी गेलं की गड गेला, म्हणून विहिरीवरच तीन मजले चढवले. आई कितीतरी वेळ खाली पाण्याकडं बघत होती. फलकानं हे झालं असतं?

मंगळवारपेठ: लिहिणारा मीच. आम्हाला तिथंच सांगितलं, इथून विशाळगडापर्यंत भुयार आहे! मग जुलै १६६० च्या पावसात महाराज राजदिंडीच्या चोरवाटेनं कशाला उतरले? शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून कशासाठी गेले? त्या भुयारानं त्यांचं मरण वाया जातं, त्याचा राग आहे.

शिरोळकर: कहाणी कहाणी म्हणून सांगावी. खिद्रापूरच्या शंकराच्या देवळात कोपेश्वरापुढं नंदी नाही. सती त्याच्यावर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून तो यडूरला, असं आमच्याकडं सांगतात. इतिहास म्हणून कुणी खपवत नाही. पण तेवढं ऐकून पोरं स्वर्गमंडपाचे ४८ खांब मोजत बसतात.

पेठेतली: आधी गाइडांना कोल्हापूरच्या देवीला महालक्ष्मी नाही, अंबाबाई म्हणायला शिकवा! नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, की लगेच हे तिला बालाजीची बायको करतात. मूर्तीमागचा सिंह दिसत नाही?

रंकाळाकाठ: माझी आजी दोन्ही नावं घ्यायची. आणि महालक्ष्मी म्हणजे विष्णूचीच बायको, हे कुणी ठरवलं? दुर्गासप्तशतीतली महालक्ष्मी महिषासुराला मारते.

पेठेतली: तुमच्या आजीचं राहू द्या. आमच्या चार पिढ्या देवळाच्या सावलीत गेल्या.

रंकाळाकाठ: म्हणून देवी तुमच्या एकट्याची? आम्ही काय पाव्हणे?

पेठेतली: सप्तशतीचं मान्य. पण गाइड ते सांगत नाहीत, बालाजीचं सांगतात. माझं भांडण तेच आहे.

तटबंदी: अहो, पन्हाळ्यावर या.

मंगळवारपेठ: 'हाकला' हा शब्द मागं घेतो. भुयाराचं मागं घेणार नाही. २०२५ मध्ये इतर ११ किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारशात गेला. आता ऐकीव काय, कागदात काय, हे वेगळं करून सांगायलाच पाहिजे.

तटबंदी: आईला विचारलं. भुयाराचं आमच्या मामांनीपण सांगितलं होतं, मी तेव्हा पुढं गेले होते. पुढच्या खेपेला तिथंच थांबून विचारेन, मामा, हे कुठं लिहिलंय?