इंग्रजीचे क्लास, आयईएलटीएस, ओईटी: नाशिककरांनो, अनुभव सांगा

भाचीचं नर्सिंग झालंय, आता परदेशात जायचं म्हणते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायचीय (आयईएलटीएस सगळ्यांसाठी असते, ओईटी आरोग्यसेवेतल्यांसाठी). दोघी गंगापूर रोडपासून कॅनडा कॉर्नरपर्यंत पाट्या वाचत फिरलो. (कॅनडा कॉर्नरलाच कॅनडाच्या व्हिसाची पाटी, आता बोला!) जो तो गॅरंटी देतो, फी विचारली की 'आधी सरांना भेटा'. ज्यांनी स्वतः क्लास केलाय किंवा परीक्षा दिलीय त्यांनीच लिहा. जाहिराती नकोत.

सिडकोतून
आयईएलटीएस दोनदा दिली. पहिल्यांदा लिसनिंग ७, रीडिंग ६.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ५.५. सरासरी ६.५ आली, घरी पेढे वाटले. मग कॉलेजचं पत्र नीट वाचलं: कुठल्याच भागात ६ च्या खाली चालणार नाही. पेढे पचलेही नव्हते!
चूक माझीच म्हणायची. क्लासमध्ये निबंधाची सुरुवात-शेवट तयार मिळायचा, आख्ख्या बॅचचा एकच. दुसऱ्या टास्कला किमान २५० शब्द लागतात, त्यातले साठ-सत्तर त्या पाठांतरातच जायचे आणि प्रश्नाचं उत्तर राहूनच जायचं. दुसऱ्या वेळी रोज एक निबंध घड्याळ लावून लिहिला, ६.५ आले.
स्पीकिंगची मात्र मजा झाली. कार्ड मिळाल्यावर विचाराला एक मिनिट असतं. विषय आला आवडता खाद्यपदार्थ. पाठ केलं होतं गेटवे ऑफ इंडिया! मग काय, मिसळ सांगितली. 'मोड आलेली मटकी' इथे गाडी अडकली. शेवटी म्हणालो, 'बीन्स विथ स्मॉल टेल्स'. परीक्षक बाई हसल्या. मोड म्हणजे 'स्प्राउट्स' हे पायऱ्या उतरताना आठवलं.

पंचवटी, स्टाफ नर्स
ताई, भाचीला ओईटीही बघायला सांगा. लिसनिंग-रीडिंगही आरोग्याच्याच विषयांवर असतं. रायटिंगमध्ये केस नोट्स देतात, त्यावरून रेफरल लेटर लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्द. सगळं उतरवून काढलं की फसलंच. पुढच्या डॉक्टरला काय लागेल तेवढंच घ्यायचं. स्पीकिंगला दोन रोलप्ले, समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो.
माझी अडचण ग्रामरची नव्हतीच. वॉर्डात 'मावशी, ठणकतंय की नुसतं दुखतंय?' हे मी झोपेतही विचारीन. इंग्रजीत सगळ्याला एकच, 'पेन'. मग एक वही केली. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, चमक म्हणजे शूटिंग पेन, आग होणं म्हणजे बर्निंग, मुंग्या येणं म्हणजे पिन्स अँड नीडल्स. नाईट ड्यूटीत सहकारणीला पेशंट करून बोलायचे. क्लासच्या तीन महिन्यांपेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त झाला.

दिंडोरीहून
माझं तुमच्यासारखं परदेशाचं नाही. नववीत शाळा सुटली, पुढे लग्न. धाकटा शाळेत जायला लागल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम केला. तेव्हा बारावी नसलेल्यांना त्यावरून बीएला प्रवेश मिळायचा. सासूबाई म्हणायच्या, 'ह्या वयात कसली तयारी?' बीए झालं. इंग्रजीचा धसका होताच, तो मुलाच्या पाचवीच्या पुस्तकावर घालवला. आज पतसंस्थेत आहे, कॉम्प्युटरवर बसते.

पिंपळगाव बसवंत
द्राक्षांच्या पॅकहाउसला सुपरवायझर आहे. मालकांनी आमच्यासाठी स्पोकन इंग्लिशचे सर बोलावले. पहिल्याच दिवशी कळलं की अर्धी इंग्रजी आम्हाला येतेच: थिनिंग, डिपिंग, गर्डलिंग, बंच, बेरी, ब्रिक्स, रेसिड्यू रिपोर्ट. नव्हतं ते फक्त इज, आर, हॅज. आता बायरचा माणूस आला की मी पुढे होतो.

नाशिकरोड
फी एकरकमी भरू नका. 'बॅंड (म्हणजे हवे तेवढे गुण) नाही आला तर पैसे परत' हे आम्हाला तोंडी सांगितलं होतं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात वेगळंच निघालं. आणि परीक्षेची घाई नको. आयईएलटीएसचा निकाल साधारण दोन वर्षंच धरतात. मी आधी देऊन बसलो, अर्ज करेपर्यंत मुदत संपली. फी पुन्हा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. पेढ्यांना हसली, पण वही काढून पहिलं मुंग्यांचं लिहून घेतलं. पंचवटीच्या ताई, हुडहुडी भरणं कसं सांगता, विचारतेय.